वैशाखातले हींव

आम्हां वकिलांचे आयुष्य तारखांवर चालते. दावा कधी गुदरला, मुदत कधी संपते, पुढची नेमणूक कोणत्या दिवशी, याखेरीज काळाचे दुसरे माप आमच्यापाशी फारसे नसते. त्यामुळे २०२३ च्या महाशिवरात्रीस उखीमठ येथे पंचांग पाहून केदारनाथाचे द्वार २५ एप्रिलला उघडणार असे जाहीर झाले, तेव्हा ती तारीख मी एखाद्या हुकूमनाम्यासारखी मानली. वैशाख शुद्ध पंचमी, म्हणजे आद्य शंकराचार्यांची जयंती. आचार्यांनी जेथे देह ठेवला असे परंपरा सांगते, त्या स्थानाचे द्वार त्याच तिथीस उघडावे, याहून शुभ योग कोणता? गर्दीचे पहिले काही दिवस टाळून २ मे हा आमच्या दर्शनाचा दिवस मी मुक्रर केला, नोंदणी केली आणि परतीची तिकिटेही काढून ठेवली. या साऱ्या व्यवस्थेत एकाच पक्षकाराला नोटीस द्यावयाची राहून गेली होती. तो म्हणजे हिमालय.

आमच्या म्हणजे आईच्या आणि माझ्या. आईचे वय तेव्हा ७६ होते. वडील १९८४ साली काही आप्तांबरोबर केदारनाथास जाऊन आले होते. आईनेही निघावयाचे ठरले होते; पण निघण्याच्या आठवड्यात मला गोवर आला आणि चार वर्षांच्या मुलापाशी ती मागे राहिली. वडिलांनी आणलेल्या भस्माची पुडी आमच्या देवघरात अजून आहे. आईने त्या राहिलेल्या यात्रेचा उच्चार कधी तक्रारीच्या सुरात केला नाही. परंतु वडील गेल्यावर देवघर पुसताना तिचा हात त्या पुडीपाशी क्षणभर थांबे, हे मी पाहिले होते. मुदतीबाहेर गेलेले कर्ज कायद्याने वसूल होत नाही. ऋणकोच्या मनातून मात्र ते जात नाही.

आम्ही गोव्याहून निघालो तेव्हा घरी ऐन वैशाख तापला होता. देवळांतून वसंतपूजा चालल्या होत्या, पन्हे आणि कैरीची डाळ वाटली जात होती, आणि गर्भकुडीतून बाहेर आलेल्या भटजींच्या पाठीवर घामाच्या धारा दिसत होत्या. अशा दिवसांत लोकरी कपड्यांची पेटी भरताना मनुष्य थंडीवर विश्वास ठेवीत नाही. तो केवळ सल्ला पाळीत असतो. मीही दोन स्वेटर, एक शाल आणि आईसाठी कानटोपी घेतली व आपण फार सावध आहोत असे समजलो.

३० एप्रिलला गुप्तकाशीस पोहोचलो तो पाऊस पडत होता. हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १३२० मीटर उंचीवर, मंदाकिनीच्या खोऱ्याच्या उतारावर वसले आहे. विश्वनाथाचे पुरातन मंदिर, शेजारी अर्धनारीश्वर, आणि पुढ्यातल्या मणिकर्णिका कुंडात पडणाऱ्या दोन धारा, ज्यांस लोक गंगा आणि यमुना म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गहू पिवळा झाला होता आणि पावसाने आडवा पडत होता. थंडी होती, पण ती आपल्या पौषातल्या पहाटेइतकी. वर मात्र वेगळेच राज्य होते. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. केदारनाथ ३५८३ मीटरवर. म्हणजे येथे छत्रीवर वाजणारा पाऊस तेथे पंधरा अंश अधिक गारठून बर्फ होऊनच पडणार. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात हिवाळ्यात बर्फ आणतात आणि एप्रिलमध्ये सहसा विरळ होतात. त्या वर्षी ते मे उजाडला तरी एकामागून एक येतच होते. द्वार उघडले तेही पडत्या बर्फात, आणि नंतर ते पडतच राहिले. नव्या नोंदणीस स्थगिती मिळाली, पुन्हा वाढली. नोंदणी झालेल्यांनाही हवा पाहून सोडीत, मध्येच अडवीत. हेलिकॉप्टरे आपापल्या तळांवर झाकून ठेवलेली होती. गौरीकुंडापासून मंदिरापर्यंतची वाट सुमारे १६ किलोमीटरांची; तीत भैरव आणि कुबेर नावाचे ओढे लागतात, त्यांना तिकडे गदेरे म्हणतात. त्या ओढ्यांच्या घळींतून हिमखंड घसरून वाट बुजत होती. माणसे फावड्यांनी ती मोकळी करीत, आणि ती पुन्हा बुजे.

२ मे आला आणि गेला. खालच्या रस्त्यावर घोडे-खेचरांचे मालक गोणपाट पांघरून बसलेले दिसत. त्यांच्या वर्षाची कमाई या सहा महिन्यांत व्हावयाची. जनावर काम करो वा न करो, दाणा तर खाणारच. त्यांतल्या एकाला मी विचारले, असे किती दिवस? तो म्हणाला, ‘‘जब तक ऊपरवाला चाहे.’’ त्याचा आवाज भक्तीचा नव्हता, वैतागाचाही नव्हता. पावसाळ्यात मांडवीची फेरी बंद पडली की काठावरचा माणूस जसा बोलतो, तसा तो बोलला.

मला हा स्वर जमेना. परतीचा दिवस जवळ येत होता. आईचे गुडघे पुढच्या वर्षी यास कबूल होतील याची खात्री नव्हती. त्या संध्याकाळी मी लेटरहेड काढले आणि प्रशासनास एक अर्ज लिहिला. वकिली पेशात वीस वर्षे घालविलेल्या माणसास अर्ज लिहावयास वेळ लागत नाही. अर्जदार वयोवृद्ध असून दुर्धर व्याधीने ग्रस्त आहेत, वैद्यकीय सल्ल्यानुसार त्यांस पुन्हा प्रवास करणे अशक्य आहे, सबब विशेष बाब म्हणून त्यांना व त्यांच्या मुलास त्वरित पुढे जाण्याची अनुज्ञा मिळावी, अशा आशयाचा. मजकूर नेटका झाला होता. त्यात दोष एवढाच होता की आईस कोणतीही दुर्धर व्याधी नव्हती.

सहीसाठी मी कागद तिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावला नाही. म्हणाली, वाचून दाखव. मी वाचला. हिंदीतला होता, तरी तिला समजावयाचे ते समजले.

‘‘हें खरें न्हय, बाबा,’’ ती म्हणाली. ‘‘म्हजी सही ह्या कागदाक मेळची ना.’’

मी युक्तिवाद केला. वय तर खरे आहे, गुडघे तर खरे आहेत, आणि अशा अर्जांतून थोडी अतिशयोक्ती सगळेच करतात. ती ऐकून घेत होती. मग तिने विचारले, आपण वर गेलो तर आपल्याला कोण उचलून नेणार? मी म्हणालो, डोलीवाले, चार जण. ‘‘तांकांय आवय आसतली,’’ ती म्हणाली. त्यांनाही आई असेल. आणि पांघरूण ओढून घेत, जणू वाद संपलाच होता अशा शांतपणे, ‘‘देव खंयच वचना, बाबा.’’ देव कुठेही जात नाही.

कागद मी घडी करून पेटीत टाकला. आईवर राग नव्हता असे म्हणता येणार नाही.

नुसते खोलीत बसण्यापेक्षा चोपट्यापर्यंत जाऊन येऊ, असे आमच्या चालकाने सुचविले. उखीमठावरून सुमारे ३० किलोमीटर वर गेले की हे ठिकाण लागते. उंची २६०० मीटरांहून अधिक. येथूनच तुंगनाथाची चढण सुरू होते. सकाळी आकाश थोडे उघडले होते आणि रस्ता खुला होता. वाटेत बुरांसाची झाडे लागली. तो वृक्ष वसंतात फुलतो. खाली त्याचा बहर सरला होता, पण वर फांद्यांच्या टोकांवर तांबडे, गुलाबी गुच्छ अजून होते. आई म्हणाली, हे देवाला वाहत असतील. वाहतात, चालक म्हणाला, आणि सरबतही करतात.

दुपारी वारा सुटला. आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो. त्याच्या येण्यात काही सूचना असते, माड आधी हलतात. हा वारा कोणत्या दिशेचा ते कळण्याआधीच खोलीच्या पत्र्यावर आदळला. मग गारा आल्या, चुरमुऱ्यांएवढ्या. नंतर आवाजच थांबला. आवाज का थांबला म्हणून मी दार उघडले, तो समोरचे कुरण, उभी केलेली मोटार, लाकडाची मोळी, सारे पांढरे होत होते. बर्फ पडताना आवाज करीत नाही हे मी पुस्तकांतून वाचले होते. पण वैशाखात, हाताच्या अंतरावर, फुललेल्या बुरांसावर ते उतरताना पाहणे निराळे. काही वेळाने गुच्छ भाराने खाली वाकले आणि त्यांचा तांबडा रंग आतून दिसेनासा झाला. चालकाने उतरणीकडे पाहून मान हलविली. रात्र तेथेच काढावयाची ठरली.

त्या टिनपत्र्याच्या निवासाचा मालक पन्नाशीचा असावा. त्याने आईपुढे निखाऱ्यांची घमेली ठेवली आणि म्हणाला, ‘‘माताजी, बहुत ह्यूं गिर गया.’’ आईने कान टवकारले. कसले? ह्यूं, त्याने पुन्हा सांगितले; आम्ही बर्फाला ह्यूं म्हणतो. ‘‘हें तर आमचेंच हींव!’’ आई इतकी हरखली की क्षणभर निखारे विसरली. संस्कृतातले हिम गढवालात ह्यूं झाले, मराठीत आणि कोंकणीत हींव झाले. त्यांनी शब्दाबरोबर वस्तूही ठेवली. आमच्यापाशी वस्तू नव्हती, म्हणून तिचा नुसता गारठा उरला. हजारो कोस दूर राहिलेल्या दोन बहिणींची ओळख पटावी, तशी आई त्या शब्दाशी बराच वेळ बोलत होती.

दुसरा एक शब्द मात्र दगा देणारा निघाला. ‘‘रात को आसमान खुलेगा तो पाला पड़ेगा,’’ मालक म्हणाला. आमचा पाला म्हणजे झाडाची पाने; त्याचा पाला म्हणजे गोठलेले दहिवर. ढग असतात तोवर जमिनीची ऊब पांघरुणात राहते, आकाश निरभ्र झाले की ती रातोरात उडून जाते, आणि बर्फाने जे केले नसेल ते पाला करतो. खाली गावात त्याची अक्रोडाची झाडे होती. त्यांना नुकती कोवळी पालवी फुटली होती. ‘‘वो तो गई समझो,’’ तो म्हणाला. त्याच्या पाल्याने आमचा पाला जाळला. केदारच्या वाटेचेही त्याने सांगितले. दिवसा ऊन पडले की वरचा थर वितळतो, पाणी वाटेवर पसरते आणि रात्री काचेसारखे गोठते. म्हणून सकाळी माणूस घसरतो. दुपारी कड्यांवरचा बर्फ सैल होतो. तेव्हा डोंगर घसरतो. मध्ये जी दोनतीन तासांची वेळ मिळते, तीत जावयाचे. ज्या वर्षी ती वेळ मिळत नाही, त्या वर्षी थांबावयाचे. २०१३ च्या जूनमध्ये त्याचा चुलतभाऊ रामबाड्यास चहाचे दुकान चालवीत होता. १६ आणि १७ जूनच्या त्या प्रलयात चोराबाडी ताल फुटला आणि रामबाडा ही वस्तीच उरली नाही. ‘‘उस साल बारिश भी तारीख से पहले आई थी, साहब,’’ तो म्हणाला, आणि निखारे सारखे करू लागला.

काही तरी बोलावे म्हणून मी विचारले, अक्रोड गेले तर नुकसानभरपाई मिळते का? त्याने माझ्याकडे पाहिले. ‘‘ह्यूं पर मुकदमा करें?’’

तो हसला, मीही हसलो. आणि हसता हसता मला एक कागद आठवला.

त्या यात्रेच्या तीनच आठवडे आधी मी आमच्या देवस्थानच्या वतीने एक नोटीस धाडली होती. देवस्थानच्या मालकीच्या काजूबागेची पावणी दरवर्षी होते. जास्तीत जास्त बोली करणारा हंगामाचे उत्पन्न घेतो आणि ठरलेली रक्कम हप्त्यांनी भरतो. आदल्या मोहोराच्या दिवसांत ढगाळ हवा आली, अवेळी पाऊस झाला, आणि त्या बागेतला मोहोर काळा पडून गळला. बोली घेतलेला मनुष्य शेवटचा हप्ता कमी करून मिळावा, निदान मुदत मिळावी, असे विनवीत होता. त्याच्या अर्जात शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण एकही खोटे वाक्य नव्हते. मी उत्तर लिहिले. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ५६ वे कलम अशक्य झालेल्या कराराबद्दल आहे; करार पाळणे केवळ महाग वा तोट्याचे झाले म्हणून तो अशक्य ठरत नाही. हवामानाची जोखीम बोली घेणाऱ्यानेच पत्करलेली आहे. सबब पंधरा दिवसांत रक्कम भरावी. कायद्याच्या दृष्टीने त्यातले एक अक्षरही चूक नव्हते, आजही नाही. परंतु त्या रात्री, पत्र्यावर बर्फ साचत असता, दोन्ही कागद माझ्या डोळ्यांपुढे शेजारी शेजारी येऊन बसले. दुसऱ्याने हवेचे खरे कारण सांगितले, ते मी फेटाळले होते. आणि त्याच हवेतून स्वतःची सुटका व्हावी म्हणून मी खोटे कारण रचले होते. दोन्ही कागदांवरचे हस्ताक्षर एकच होते. आई निजली होती. मला झोप लागली नाही. ती नुसत्या थंडीमुळे लागली नाही असे मी म्हणणार नाही.

पहाटे वारा पडला होता आणि आकाश निरभ्र होते. नळाला पाणी येईना. मालक उकळते पाणी ओतून नळी मोकळी करीत होता. मोटारीच्या काचेवर खडीसाखर चिकटवावी तसा थर होता. बुरांसाच्या पाकळ्यांवरचा बर्फ कोठे कोठे गळून पडला होता, आणि जेथून तो गळला तेथे पाकळी तपकिरी झाली होती. आईला शालीत गुंडाळून मी दाराशी आणले. उत्तरेस चौखंबा उभा होता, ७१३८ मीटर, चारही शिखरे सुटी सुटी दिसत होती. त्यावर आधी गुलाबी आणि मग पिवळे ऊन आले. आईने पायांतले मोजे काढावयास घेतले. देवासमोर उभे राहावयाचे तर पाय मोकळे हवेत. मी तिला कसेबसे आवरले. तिने हात जोडले, आणि वडिलांचे नाव घेऊन काही तरी पुटपुटली. मग म्हणाली, ‘‘दर्शन जालें.’’ मला ते पटले नाही. चौखंबा म्हणजे केदारनाथ नव्हे, हे मी तिला सांगणारही होतो. परंतु सदर चूक अभिलेखावरून दुरुस्त करण्याचा अधिकार मला नाही, एवढे त्या सकाळी माझ्या ध्यानात आले होते.

परतताना उखीमठास थांबलो. येथले ओंकारेश्वराचे मंदिर म्हणजे केदारनाथाचे हिवाळ्यातले आसन. यमद्वितीयेस वरचे द्वार बंद होते आणि पंचमुखी मूर्ती डोलीतून येथे येते. वैशाखात ती गुप्तकाशी, फाटा, गौरीकुंड असे मुक्काम करीत पुन्हा वर जाते. केदारनाथाचे रावळ कर्नाटकातील वीरशैव परंपरेतले असतात. बेळगावकडच्या वाचकांस हा धागा आपलाच वाटेल. डोली वर गेली होती, म्हणून आसन रिकामे होते. मद्महेश्वराचाही हिवाळा याच मंदिरात जातो. त्याची डोली निघावयास अजून अवकाश होता. आईने पुजाऱ्यांस अभिषेक सांगितला. देव वर गेला आहे, येथे अभिषेक कसा, असे मी हळूच विचारले. पुजारी म्हणाले, ओंकारेश्वर तर आहेत. आणि पोहोचवावयाचे ते पोहोचवतील.

सभामंडपाच्या थंड फरशीवर बसल्या बसल्या मी विचार करीत होतो. हिमाला मान देऊन देव स्वतः वर्षातले सहा महिने आपले घर सोडतो. मुहूर्त माणसांनी काढावा, तो पाळावाही. पण बर्फ मुहूर्ताला बांधलेले नाही, हे त्या खोऱ्यातल्या पुजाऱ्यापासून खेचरवाल्यापर्यंत प्रत्येकास ठाऊक आहे. आमच्या कायद्यालाही ही समज अगदीच नाही असे नव्हे. १९६३ च्या मुदत अधिनियमाच्या चौथ्या कलमात म्हटले आहे की मुदत संपते त्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते पुन्हा उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. ते कलम मी शेकडो वेळा वापरले होते. दार बंद आहे म्हणून येणाऱ्याचा हक्क बुडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो अर्थ आईला कलम न वाचता ठाऊक होता, आणि मला वाचूनही नव्हता.

घरी आल्यावर देवस्थान समितीच्या बैठकीत मी काजूबागेचा विषय काढला. एका वडीलधाऱ्या महाजनांनी आक्षेप घेतला, आणि तो बिनतोड होता. कायद्याने देव अज्ञान समजला जातो. त्याचा पैसा सोडून देण्याचा अधिकार त्याच्या पालकांस कोठून आला? मी म्हणालो, सोडू नये, परंतु थांबता येईल. पुष्कळ वादानंतर शेवटच्या हप्त्यास पुढच्या हंगामापर्यंत बिनव्याजी मुदत देण्याचे ठरले. सूट एका पैचीही मिळाली नाही. याहून अधिक करता आले असते काय, हा प्रश्न माझ्यापुरता अजून निकालात निघालेला नाही. त्या मनुष्याने पुढच्या हंगामात रक्कम भरली, पावती घेतली, आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता निघून गेला. त्याने बोलावे असे मी काही केले नव्हते.

आई त्यानंतर केदारास जाऊ शकलेली नाही. आपल्याच देवळाच्या पायऱ्या चढताना ती आता दोनदा थांबते. तो अर्ज मी फाडून टाकला, आणि तो दिला नाही याचे मला समाधान आहे. परंतु ती वर पोहोचली नाही याचे शल्य त्या समाधानाने कमी होत नाही. दोन्ही आपापल्या जागी राहिली आहेत. दरवर्षी महाशिवरात्रीनंतर ती मला वर्तमानपत्रातली तारीख वाचावयास सांगते. मी वाचतो. ती बोटांवर काही मोजते, देवघरातल्या पुडीकडे पाहते आणि विचारते, ‘‘आनी हींव कितलें आसतलें?’’

ते तारखेत लिहिलेले नसते, असे मी तिला सांगतो.